ओरडणं मोजणारी नुन्झिया

नुन्झिया स्कॉत्तोसमोर कुणाची निंदा करण्यात काही म्हणता काही मजा नसे. "आमची जाऊ भारी तुसडी" असं कुणी म्हणालं की हिचा प्रश्न तयार, "तुसडी म्हणजे काय करते?"

"काय म्हणजे? तुसडेपणा करते!"

"हो, पण मला दिसेल असं काय करते?"

बोलणारीचा अर्धा उत्साह इथेच मावळायचा. हाकेला ओ देत नाही, असं कसंबसं कबूल करावं, तर पुढची सरबत्ती सुरू. देतच नाही, की उशिरा देते? सगळ्यांना देत नाही, की तुलाच? आणि ऐकू येतं ना तिला नीट? पोझुओली बंदराच्या मासळीबाजारात नुन्झिया लांबून येताना दिसली की बायका विषय बदलून माशांच्या भावांकडे वळायच्या.

तिचा व्यवसायच तो होता. माणसांची वागणूक बघायची आणि मोजायची. चाळिशी उलटेपर्यंत ती भावाच्या बेकरीत पाव विकत होती. भावाने बेकरी बंद केली, आणि रिकामं बसणं हिच्या अंगात नाही, म्हणून तिने कुठल्याशा संस्थेत जाऊन हे शिक्षण घेतलं. पहिल्याच दिवशी मास्तरांनी सांगितलं की माणसाच्या मनात काय चाललंय याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. तो काय करतो ते बघा, त्याच्या आधी काय घडलं ते बघा आणि नंतर काय घडलं ते बघा, बस. नुन्झिया मनात म्हणाली, अगं बाई, जन्मभर खिडकीत बसून मी दुसरं काय केलं? दुसऱ्याच्या घरात डोकावण्याला शास्त्र म्हणतात हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

शिकलेलं पहिल्यांदा वापरलं ते नवऱ्यावर. ब्याजो रुसायचा. रुसणं म्हणजे काय, हे तिने आधी पक्कं ठरवलं: विचारलेल्या प्रश्नाला खांदे उडवणं, किंवा जेवणाच्या टेबलाकडे पाठ करून बसणं, दाढ दुखत असेल तर धरायचं नाही. मग बघत राहिली. तर तिला असं दिसलं की ब्याजोचा रुसवा बहुतेक रविवारी यायचा, आणि तो आला की नंतर काय घडायचं, तर ती स्वतः उठून त्याला आवडतात तशी वांगी तळायची! "म्हणजे ह्याचा रुसवा मीच पोसतेय की!" वांगी बंद झाली. पहिले काही दिवस ब्याजोने असा काही रुसवा धरला की शेजारी विचारपूस करून गेले. नुन्झिया ढिम्म हलली नाही. महिनाभरात रुसवा गेला. ब्याजो अजून ज्याला त्याला सांगतो, "मी बायको केली होती हो, तपासणीस नव्हती केली."

अशा नुन्झियाला बंदराच्या वरच्या अंगाला असलेल्या व्हिला मिर्तो नावाच्या वृद्धाश्रमातून बोलावणं आलं, ते सोस्सिओकाकांसाठी.

सोस्सिओ लुब्रानो आयुष्यभर प्रोचिदा बेटावर जाणाऱ्या बोटीवर दोर टाकायच्या कामाला होते. बोट धक्क्याला लागायच्या आधी त्यांचा आवाज धक्क्याला लागायचा. आता गुडघे गेले होते, आवाज होता तसाच होता. ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे, आणि त्यांची बायको रेस्तितुता, म्हणजे सगळ्यांची तुताकाकू, तिसऱ्यावर. तिसऱ्या मजल्याला कुलूप असायचं, कारण तिथली माणसं सगळं विसरलेली होती. तुताकाकूही विसरली होती. सुरुवातीला काका रोज वर जाऊन बसायचे. एक दिवस ती घाबरून किंचाळली, हा परका पुरुष माझ्या खोलीत कसा म्हणून. दोन-तीनदा तसंच झालं, तेव्हा डॉक्टरांनी काकांचं वर जाणं बंद केलं. काही दिवसांनी त्यांचं ओरडणं सुरू झालं.

आश्रमाचे व्यवस्थापक मेनेल्ला माणूस म्हणून वाईट नव्हते, पण तक्रारींना फार भ्यायचे. त्यांनी नुन्झियाला खुर्चीवर बसवून कॉफी पाजली आणि कपाळाचा घाम पुसत सांगितलं, "हे बघा बाई, महिनाअखेरपर्यंत हा माणूस गप्प झाला तर ठीक. नाहीतर बेनेव्हेंतोच्या पलीकडे डोंगरात एक संस्था आहे, तिथे पाठवायचं ठरलंय. मुलगी जर्मनीत आहे, तिने फोनवर रडत का होईना, हो म्हटलंय."

"आणि तुताकाकू?"

"त्या इथेच. तिकडे फक्त पुरुष घेतात. तसंही त्यांना कुठे कळतंय हो!"

ह्या दोघांना नुन्झिया बेकरीपासून ओळखत होती. तुताकाकू रोज सकाळी यायची आणि "जरा करपलेला दे ग, आमच्या ह्याला करपलेलाच लागतो" म्हणायची. त्या माणसाला डोंगरात पाठवायचं, जिथून समुद्रही दिसत नाही! तिने कॉफी तशीच टाकली आणि कामाला लागली.

तिच्यावर देखरेखीला एक डॉक्टरबाई होत्या, इल्दे तोमासी. त्या उत्तरेकडच्या, त्रेंतोच्या. तिकडे म्हणे बसमध्ये दोन माणसं एकमेकांशी बोलताना ऐकू येत नाहीत. बाई हुशार, कष्टाळू आणि पोझुओलीत नवीन. एकदा जमीन जराशी हलली, पोझुओलीत नेहमी हलते तेवढीच, तर बाई जिन्याने थेट अंगणात. आणि परत वर आल्या तेव्हा नुन्झिया काकांबरोबर पत्ते खेळत बसलेली.

नियम असा की मोजणी खरी आहे का हे बघायला दोघांनी एकाच वेळी, एकमेकांकडे न बघता मोजायचं आणि मग ताळा जुळवायचा. दोघींनी ओरडण्याची व्याख्या केली: बंद दाराबाहेर शब्द ऐकू येतील इतका मोठा आवाज. दोघी एक सकाळभर काकांच्या खोलीत दोन कोपऱ्यांत बसल्या. ताळा पाहिला तर नुन्झियाचे चार, आणि डॉक्टरबाईंचे एकतीस.

"चार?" बाई म्हणाल्या. "अहो, माझ्या कानाला दडे बसलेत!"

"एकतीस कुठले आणलेत तुम्ही?"

"न्हाव्याशी केवढे भांडले ते!"

"भांडले? अहो, त्याला ये बस म्हणाले ते. त्याच्या आईची चौकशी केली."

"आणि खिडकीतून त्या माणसाला शिव्या दिल्या, त्या?"

"तो त्यांचा भाचा. प्रेमाने बोलावतात त्याला तसं."

"बरं, फुटबॉलबद्दल बोलताना टेबलावर हात आपटून—"

"बाई," नुन्झिया समजुतीच्या सुरात म्हणाली, "पेनल्टी हुकली होती."

सोस्सिओकाका मधे पलंगावर बसून दोघींकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना हे सगळं भलतंच आवडायला लागलं होतं. "डॉक्टरबाई, तुम्हाला किती हवेत ते एकदा सांगा ना," ते म्हणाले. "पाहुण्यांना कमी पडायला नको. नुन्झिये, तू लहान असल्यापासून मोजमापात हात आखडता घेतेस. पाव द्यायचीस तेव्हासुद्धा!" आणि हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की बाईंनी बत्तिसावा धरला.

शेवटी रागावून बाईंनी विचारलं, "मग तुमच्या गावात ओरडणं म्हणतात तरी कशाला?" नुन्झिया विचारात पडली. तिला आयुष्यात कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. तिने मोजलेले चार आठवून पाहिले. त्या चारही वेळा काका पलंगावरून उठले होते, गुडघे धरत खिडकीपाशी गेले होते, तोंडाभोवती दोन्ही हात धरून वर बघून ओरडले होते, आणि चारही वेळा तेच ओरडले होते: "तुताऽऽ! पास्ता टाऽऽक!"

दोघींचं एकमत झालं. बाकीचं सगळं बोलणं, हे ओरडणं. व्याख्या बदलली आणि दुसऱ्या दिवसापासून ताळा असा जुळायला लागला की बाईंनी खुशीत येऊन नुन्झियाला स्फोल्यातेल्ला नावाची खुसखुशीत मिठाई खाऊ घातली. तक्रारीही ह्याच ओरडण्याच्या होत्या. त्याने भिंती हादरायच्या.

आता प्रश्न असा की ते ओरडायचे कशासाठी? पोझुओलीत ह्याचा अर्थ विचारावा लागत नाही. कामावरून घरी आलेला माणूस गल्लीच्या तोंडाशी पोचला की बायकोला हाक देतो, पास्ता टाक. त्याने जिना चढायचा, तिने पाणी उकळायचं. आधी टाकला तर लगदा होतो. म्हणजे काकांना भूक लागली, असं आश्रमातल्या सगळ्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. काका ओरडले की कुणीतरी धावत जाऊन त्यांच्यापुढे काही ना काही ठेवायचं. त्यांचं पोट सुटलं होतं आणि पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली होती.

"झालं की मग!" बाई म्हणाल्या. "ओरडलं की खायला मिळतं, म्हणून ओरडतात. तुमच्या त्या वांग्यांसारखंच." पण नुसतं म्हणून चालत नाही, तपासून बघावं लागतं. त्यांनी काकांना आधीच पोटभर बटाटे घातलेला पास्ता चारला, वर चीज. काकांनी ढेकर दिला, खिडकीशी गेले आणि ओरडले, पास्ता टाक! मग ओरडल्यावर काहीच द्यायचं नाही असं ठरवलं. तरी ओरडले. मग वाटलं, एकटेपणा असेल. म्हणून नुन्झिया दिवसभर त्यांच्याशी पत्ते खेळत बसली. ऐन रंगात आलेला डाव थांबवून काका म्हणाले, "एक मिनिट हं, बघू नकोस माझी पानं," आणि उठून ओरडून आले. खिडकीशी जरासे थांबले आणि परत येऊन डाव जिंकले.

महिना संपत आला. मेनेल्ला जिन्यात भेटले की घड्याळ बघितल्यासारखं करायचे. नुन्झियाची झोप उडाली. ब्याजोने विचारलं, "काय झालं?" तर तिने खांदे उडवले आणि टेबलाकडे पाठ करून बसली. ब्याजो गुपचूप उठला आणि त्याने तिच्यासाठी वांगी तळली.

डॉक्टरबाईंनी शेवटचा उपाय काढला. ओरडण्याचं ध्वनिमुद्रण करायचं आणि शांतपणे ऐकायचं, बोलण्यात काही खाचाखोचा सापडतात का ते. दोघी मेनेल्लांच्या कचेरीत दार लावून बसल्या. यंत्रातून काकांचा आवाज आला. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, मागे नेऊन परत लावलं, आणि मग विचारलं, "ही कोण?"

"कोण कोण?"

"काकांच्या नंतर. ही बाई कोण बोलतेय?"

"कुठली बाई?" नुन्झियाला खरोखरच काही ऐकू आलं नव्हतं. बाईंनी तिसऱ्यांदा लावलं. "हां, ती होय! ती काही नाही. कुणीतरी खिडकीतून कुणाला तरी ओरडतेय."

"दर वेळी? मला वाटायचं, रस्त्यावरची कुणी असेल. तुमची बोली मला कळत नाही नीट. पण नुन्झिया, प्रत्येक ओरडण्यानंतर ही आहे. काय म्हणतेय ती?"

नुन्झियाने कान दिला. आणि मग तिने स्वतःच यंत्र पुन्हा मागे नेलं.

"म्हणतेय," ती म्हणाली, "टाकते, टाकते. ओरडू नकोस मेल्या, पोरगी आत्ताच झोपलीय." आणि मग तिला हुंदकाच फुटला. "आणि शेवटी म्हणतेय, सोस्सिओ. नावाने हाक मारतेय हो त्यांना."

आधी काय आणि नंतर काय! इतके दिवस डोळ्यांत तेल घालून ती काकांच्या खोलीत बसली होती, आणि नंतर जे घडत होतं ते एक मजला वर, उघड्या खिडकीतून, साऱ्या पोझुओलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात घडत होतं. पण खिडकीतून बाई पुरुषावर ओरडतेय यात बघण्यासारखं काय आहे, असं तिच्या कानांनीच ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मदतनीस बायकांचंही तेच. त्यांना वाटायचं, तुताकाकू मासेवाल्याशी हुज्जत घालतेय, घालू दे. नुन्झियाला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने रुमालात तोंड खुपसलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रडू नका. मलाही ऐकू येत होतं, मी विचारलं नाही," आणि चष्मा काढून त्याही नाक पुसायला लागल्या.

नुन्झिया तशीच काकांकडे गेली. "काका, तुताकाकूने ओ द्यावी म्हणून ओरडता ना तुम्ही?"

काकांनी पत्ते खाली ठेवले. "शेवटी कळलं तर तुला," ते म्हणाले. "हळू बोललं की ती मला ओळखत नाही. मोठ्याने बोललं की ओळखते. एकदा चुकून ओरडलो भाच्याला, आणि वरून तिने मला झापलं. काय सांगू तुला, किती बरं वाटलं!"

"मग सांगायचं नाही का कुणाला?"

"खुळी का काय तू? दार बंद केलं तुम्ही लोकांनी. सांगितलं असतं तर खिडकीपण लावली असतीत."

खरंच लावली असती.

मेनेल्लांना पटवणं सोपं नव्हतं. त्यांचं म्हणणं, बायको भ्रमिष्ट झालेली, ती कुणालाही काहीही म्हणेल. आणि ओरडण्याचं कारण कळलं म्हणून आवाज थोडाच कमी होतो? शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "एकदा समोर बघा, मग वाटलं तर पाठवा." ते तयार झाले. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला काका दाढी करून, टाय लावून तयार होते. चौघं वर गेले.

तुताकाकू खुर्चीत बसून हातरुमालाच्या घड्या घालत होती. तिने मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. "या, बसा. नगरपालिकेकडून आलात का?"

काका हळू आवाजात म्हणाले, "नाही. सहजच आलो."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पदर सावरावा तशी शाल ओढून घेतली. आवाज कापायला लागला. "माझा नवरा बोटीवर गेलाय. तो आला की या तुम्ही. एकट्या बाईच्या घरात असं येणं बरं नाही."

"बघा," मेनेल्ला पुटपुटले. "उगाच त्रास देतोय आपण तिला." आणि ते दाराकडे वळले. काकांचे खांदे पडले. नुन्झियाने त्यांचा दंड धरला.

"काका, बाहेर जाऊन ओरडा."

"ह्या सगळ्यांसमोर?" जन्मभर अख्ख्या बंदराला ऐकवणारा माणूस लाजला. "मला नाही जमणार."

"दार लावून घेते मी. जा."

दार लागलं. बाहेरून आवाज आला: "तुताऽऽ! पास्ता टाऽऽक!"

तुताकाकू ताडकन उठली. कापणारा आवाज कुठल्या कुठे गेला. "टाकते, टाकते! ओरडू नकोस मेल्या, पोरगी आत्ताच झोपलीय! सोस्सिओ!" हात आपोआप केसांकडे गेला, दोन बटा मागे सारल्या. मग तिचं लक्ष खोलीतल्या तिघांकडे गेलं. "अजून इथेच तुम्ही? माझा नवरा आला. चला, उठा, जेवायची वेळ झाली." आणि तिने व्यवस्थापक मेनेल्लांना कोपराने दाराकडे ढकलायला सुरुवात केली.

दार उघडलं. काका उंबऱ्यात उभे होते. आता हिने पुन्हा कोण म्हणून विचारलं तर, असं नुन्झियाच्या मनात आलं. तुताकाकूने नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"किती उशीर! आणि हा टाय कुणाच्या लग्नाचा?"

काकांनी टाय सोडून खिशात घातला आणि ते आत गेले. तुताकाकूने बाकीच्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून तिचं बोलणं सुरू झालं, कुणाच्या तरी बारशाबद्दल, आणि मधूनमधून काकांचा हळू आवाज यायला लागला. ती त्या हळू आवाजाला उत्तर देत होती. नुन्झिया भिंतीला टेकून रडली, आणि कुणी बघतंय का याची तिने पर्वा केली नाही.

मेनेल्ला बंद दाराकडे बघत उभे होते. गडबड ऐकून तिसऱ्या मजल्यावरची मदतनीस धावत आली, तशी ते तिच्यावर खेकसले, "ऐक नीट. उद्यापासून रोज जेवायच्या वेळेला ह्यांना वर आणायचं. दार लावायचं आणि ह्यांना बाहेर उभं करायचं."

"अहो पण साहेब, ते ओरडले तर?"

"ओरडले तर काय व्हायचंय?" मेनेल्ला म्हणाले. "ज्या दिवशी ओरडणार नाहीत, त्या दिवशी धावत येऊन मला सांग."